मदत हवी आहे: कांद्याच्या मुळात गुणसूत्रं दिसतच नाहीत

शाहूपुरी_बीएससी
शुक्रवारी प्रॅक्टिकलची वही द्यायची आहे. कांद्याच्या मुळाची स्लाईड करतोय, सगळं पुस्तकाप्रमाणे केलंय, तरी एकाही पेशीत गुणसूत्रं नाहीत. लांबट पेशी, आत फिकट गुलाबी ठिपका, बस्स. रंग बदलू का? कुठला घेऊ? लवकर सांगा.

कळंबा_तलाव
मुळं किती लांब होती? किती वाजता कापली? कशात ठेवली, आम्लात किती वेळ, किती अंशांवर? "पुस्तकाप्रमाणे" एवढ्यावरून काय सांगणार भावा?

पन्हाळा_रोड
कारमाईन रंग वापरत असाल तर तो बाजूला ठेवा, अ‍ॅसिटो-ऑर्सिन हा रंग घ्या. ४५% अ‍ॅसेटिक आम्लात २%. पेशीद्रव जवळजवळ रंगत नाही, गुणसूत्रं उठून दिसतात.

खासबाग
रंगाचा दोष वाटत नाही. लांबट पेशी दिसतायत म्हणजे टोकाच्या मागचा, लांबी वाढणारा भाग काचेवर आलाय. तिथं विभाजन संपलेलं असतं. कुठलाही रंग घाला, जे तिथं नाही ते दिसणार नाही. मुळाचा नेमका कुठला भाग घेताय?

शाहूपुरी_बीएससी
मुळं चार बोटं लांब आहेत. कार्नॉयमध्ये (पेशी आहेत तशा टिकवणाऱ्या द्रावणात) रात्रभर ठेवली, मग आम्लात गरम केली. टोक मऊ होऊन तुटतं, म्हणून त्याच्या वरचा घट्ट भाग घेतो.

खासबाग
तुटून पडतं तेच टोक हवं आहे. विभाजन होणाऱ्या पेशी शेवटच्या २ मिलिमीटरमध्येच असतात. त्या लहान, चौकोनी, केंद्रकाने भरलेल्या असतात, म्हणून रंगल्यावर टोक सगळ्यात गडद दिसतं.

मुळं १ ते २ सेंटिमीटर झाली की कापा, चार बोटं वाढू देऊ नका. कार्नॉय म्हणजे ३ भाग अ‍ॅब्सोल्यूट (बिनपाण्याचं) अल्कोहोल आणि १ भाग ग्लेशियल (बिनपाण्याचं) अ‍ॅसेटिक आम्ल. ते त्याच दिवशी बनवा, कारण ठेवलं तर दोन्ही मिळून एस्टर हा वेगळाच पदार्थ तयार होतो आणि स्थिरीकरण, म्हणजे पेशी टिकवण्याचं काम, बिघडतं. २४ तासांनी मुळं ७०% अल्कोहोलमध्ये काढून फ्रीजमध्ये ठेवा.

पुढे १ नॉर्मल (ही तीव्रता) हायड्रोक्लोरिक आम्ल, ६० अंश, ८ मिनिटं. थर्मामीटर लावा. पेशींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन सुटावं एवढ्यासाठीच आम्ल असतं. उकळी आली तर टोकाचा लगदा होतो, तुमचं बहुतेक तेच होतंय. मग पाण्यात धुवा, रंगात २० मिनिटं ठेवा, गडद टोक तेवढं कापून काचेवर घ्या आणि बाकीचं मूळ टाकून द्या. कव्हरस्लिप (वरची पातळ काच) ठेवून काडीपेटीच्या काडीच्या मागच्या टोकानं हलके ठोके द्या. शेवटी टीपकागदाखाली अंगठ्यानं सरळ दाबा. कव्हरस्लिप आडवी सरकली की पेशी गुंडाळल्या जातात, ती स्लाईड गेली.

पन्हाळा_रोड
आम्लाची वेगळी पायरी कशाला? वॉच ग्लासमध्ये (काचेच्या उथळ बशीत) ९ थेंब रंग, १ थेंब आम्ल, स्पिरिटच्या दिव्यावर वाफ येईपर्यंत शेकायचं. एकाच वेळी दोन्ही कामं होतात.

खासबाग
होतात, पण दिव्यावर तापमान हातात राहत नाही आणि नवख्याकडून रंग उकळतोच. आधी थर्मामीटरनं जमू दे.

कळंबा_तलाव
कारमाईनच वापरणार असाल तर रंगाच्या थेंबात गंजलेली सुई थोडी फिरवा. लोहामुळे रंग गडद चढतो. काळपट व्हायला लागला की थांबा. ऑर्सिनला हे लागत नाही.
मुळं सकाळी ८ ते १० मध्येच कापा, संध्याकाळी विभाजन कमी सापडतं.

खासबाग
वेळेचा एवढा आग्रह नको. मूळ जोरात वाढतंय का ते बघा. पाणी रोज बदला, नाहीतर मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि विभाजन थांबतं.

गंगावेस
घरात कुणाला गुणसूत्र तपासणी सांगितली असेल तर रक्त हेपॅरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) नळीतच द्यावं लागतं. पेशी साधारण ७२ तास वाढवतात, मग मोजतात. माणसात ४६.

कळंबा_तलाव
दादा, इथं कांदा चाललाय.

कागल_ऊस
आपल्या भागात ऊस सोडून कांदा कशाला? कांडीला मुळं भरपूर फुटतात.

खासबाग
कांद्यात १६ गुणसूत्रं, तीही मोठी. आजच्या उसाच्या जातींत १०० ते १३०, तीही बारीक. विद्यार्थ्यानं कशी मोजायची? उसाचा अभ्यास जरूर व्हावा, पण पहिली स्लाईड म्हणून नको.

शाहूपुरी_बीएससी
टोक घेतलं, दिसली! पण जोड्या जुळून वेगळ्या होताना दिसत नाहीत. मला मेंडेलचं पृथक्करण (जोडीतले दोन घटक वेगळे होतात ते) दाखवायचंय, वहीत तोच विषय आहे.

कळंबा_तलाव
अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं! मुळात फक्त मायटॉसिस, म्हणजे वाढीसाठीचं साधं पेशीविभाजन होतं. तिथं समजात (आई-बापाकडून एकेक आलेली, सारखी) गुणसूत्रं जोडीनं येतच नाहीत, प्रत्येकाच्या दोन प्रती वेगळ्या होतात. १६ ची १६ च राहतात. पृथक्करण मिऑसिसमध्ये, म्हणजे गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या विभाजनात होतं; ते परागकोशात किंवा वृषणात बघायचं.

पन्हाळा_रोड
मग ऱ्होइओ घ्या. बागेतलं ते जांभळ्या पाठीच्या पानांचं झाड, बाराही महिने कळ्या असतात.

खासबाग
या विषयाला ऱ्होइओ नको. त्याच्या १२ गुणसूत्रांच्या तुकड्यांची आपसात अदलाबदल झालेली आहे, म्हणून सहा सुट्या जोड्यांऐवजी बाराजणांचं कडं किंवा साखळी दिसते. ते बघण्यासारखं आहेच, पण परीक्षकानं "जोड्या दाखवा" म्हटलं तर काय दाखवणार?

आत्ता गवतात नाकतोडे आहेत. आखूड मिशांचा नर घ्या, पंख पूर्ण फुटायच्या आधीचा मिळाला तर उत्तम. पोटाच्या पुढच्या भागात, अन्नमार्गाच्या वर पिवळसर गोळा असतो, ते वृषण. भोवतीची चरबी काढा, कार्नॉयमध्ये ठेवा आणि त्या गोळ्यातल्या एक-दोन नळ्याच रंगवून दाबा. इथं आम्ल लागत नाही. अशा बऱ्याच जातींत नरात २३ गुणसूत्रं असतात: ११ जोड्या आणि एकटं एक्स (लिंग ठरवणारं गुणसूत्र). रुईवरच्या रंगीत टोळात १९, त्यामुळे कुठला पकडलाय ते वहीत लिहा.

विषयाला हेच साजेसं आहे. अमेरिकन संशोधक वॉल्टर सटननं १९०२-०३ मध्ये मेंडेलचे आनुवंशिक घटक गुणसूत्रांवर असावेत हे मांडलं ते नाकतोड्याच्या पेशी बघूनच. १९१३ मध्ये संशोधक एलिनॉर कॅरोथर्सनी नाकतोड्यातली एक असमान जोडी आणि ते एकटं एक्स एकमेकांवर अवलंबून न राहता वाटले जातात हे दाखवलं. म्हणजे मेंडेलचा दुसरा नियमही इथंच डोळ्यांनी बघता येतो.

शाहूपुरी_बीएससी
ग्लेशियल अ‍ॅसेटिक संपलंय, प्रोपिऑनिक आम्ल आहे. चालेल?

खासबाग
चालेल. तेच ३:१ प्रमाण. रंगही ४५% प्रोपिऑनिकमध्ये केला तरी हरकत नाही, पेशीद्रव उलट जास्त स्वच्छ दिसतं. वास उग्र असतो, खिडकी उघडी ठेवा.