लढाऊ विमान घेताना आयुष्यभराचा खर्च धरावा का?

लष्करकर
महाराजपुऱ्याच्या हवाई तळावरून मिराज हे फ्रेंच लढाऊ विमान उडालं की आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आजही लोक गच्चीवर येतात. ही विमानं 1985 मध्ये आली. 2011 मध्ये त्यांच्या आधुनिकीकरणाचा अब्जावधी डॉलरचा करार झाला. कारखान्यातलं उत्पादन तर 2007 मध्येच थांबलेलं, म्हणून 2021 मध्ये फ्रान्सकडून 24 जुनी मिराज घेतली, मुख्यतः सुट्या भागांसाठी. हे सगळं खरेदीच्या किमतीत कुठे होतं? निविदा उघडताना इंधन, ओव्हरहॉल (म्हणजे सगळं उघडून पूर्ण दुरुस्ती), सुटे भाग, तंत्रज्ञांचं प्रशिक्षण, सगळं धरूनच तुलना व्हावी.

थाटीपूरकर
साहेब, साफ विरोध. चाळीस वर्षांनंतरचा युरोचा भाव आज कोण सांगणार? 126 विमानांच्या स्पर्धेत आयुष्यभराचा खर्च धरूनच जानेवारी 2012 मध्ये राफेल सर्वांत स्वस्त ठरलं. पुढे तीन वर्षं नुसत्या वाटाघाटी. शेवटी 2016 मध्ये 36 विमानांवर भागवलं. तोवर जुनी मिग निवृत्त होतच होती!

लष्करकर
वाटाघाटी अडल्या त्या मुख्यतः एचएएल या सरकारी विमान कंपनीत बनणाऱ्या विमानांची हमी कोण घेणार यावर. त्याचं खापर हिशेबाच्या पद्धतीवर का फोडता?

मुरारची मुलगी
दोघेही एक गोष्ट सोडताय. सुखोई-30 या रशियन विमानाबद्दल सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने 2015 मध्ये लिहिलं की ताफ्यातली 55 ते 60 टक्केच विमानं उड्डाणाला तयार असतात, अपेक्षा 75 टक्क्यांची. म्हणजे शंभराचे पैसे मोजून साठच हाती. हा तोटा कुठल्याच अंदाजात दिसत नाही. राफेलच्या करारात 75 टक्के उपलब्धतेची जबाबदारी विक्रेत्यावर टाकली, मला तोच मार्ग पटतो.

थाटीपूरकर
पटलं. पण ती हमी पाच वर्षांची. सहाव्या वर्षी भाव विक्रेताच ठरवणार.

लष्करकर
म्हणून तर आधी अंदाज हवा! आणि तो विक्रेत्याच्या माहितीपत्रकावरून नको. मिराजच्या दर उड्डाणतासाला किती मनुष्यतास, किती भाग लागले, याच्या नोंदी हवाई दलाकडेच असतात. 114 नव्या विमानांसाठी 2018 पासून विचार चाललाय, तिथे त्या वापरा.

थाटीपूरकर
मिराज एका इंजिनाचं. 2018 च्या स्पर्धेत दोन इंजिनांचीही होती. ओव्हरहॉलचा खर्च कुठल्या गुणोत्तराने वाढवाल, ते सांगा.

मुरारची मुलगी
सुखोई दोन इंजिनांचंच आहे ना? त्याच्या इंजिनांचं ओव्हरहॉल ओडिशात कोरापुटला होतं. ते आकडे घ्या, मग बोलू.