फेदर डस्टरचा पिसारा गळला, नळी बाहेर काढू का?

खारेपाणी_ठाणे
१५० लिटरचा रीफ टँक (प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक). सॅलिनिटी (पाण्याचा खारेपणा) १.०२५, तापमान २९ अंश, अमोनिया ०, नायट्रेट ०, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) चोवीस तास चालू. मासे: दोन क्लाउनफिश, एक कॉपरबँड बटरफ्लाय. हवाईयन फेदर डस्टरचा (नळीत राहणारा समुद्री किडा) पिसारा हळूहळू लहान होत गेला आणि आज सकाळी अख्खाच वाळूवर पडलेला दिसला. नळीच्या तोंडाशी काही हालचाल नाही. रोज गोठवलेली आर्टेमिया (बारीक कोळंबीसारखे जीव) देतो. नळी कुजून अमोनिया वाढण्याआधी काढावी का?

वाळूतळ
काढू नका. पिसारा टाकला म्हणजे किडा मेला असं नाही, ताण आला की तो स्वतःच टाकतो. नळी पाण्यातच ठेवून खालचा भाग दोन बोटांत अगदी हलकेच दाबून बघा. आत भरीव लागलं तर जिवंत आहे. लिबलिबीत लागून कुजका वास आणि तपकिरी स्राव आला, तरच काढा. नवा पिसारा यायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला तो लहान आणि फिका असतो. नळी हवेत उचलू नका, आत हवा अडकते. गळलेला पिसारा मात्र आजच काढा.

फायटो_पुणे
आधी लहान होत जाऊन मग गळला, म्हणजे बहुतेक उपासमार. आर्टेमिया त्याच्या कामाची नाही, कण फार मोठा. हा किडा पिसाऱ्यावर कण आकारानुसार निवडतो: सगळ्यात बारीक तोंडात जातात, मध्यम आकाराचे चिकट स्रावात मिसळून नळी बांधायला वापरतो, मोठे टाकून देतो. त्याला नॅनोक्लोरोप्सिस (२ ते ३ मायक्रॉन) किंवा आयसोक्रायसिससारखं जिवंत फायटो (पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ) हवं.

तुमच्या टँकला रोज ५ मिलीने सुरुवात करा, आठवड्याभरात १० ते १५ मिलीपर्यंत न्या. देताना स्किमर आणि रिटर्न पंप (गाळलेलं पाणी टँकमध्ये परत आणणारा) ४५ मिनिटं बंद, वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह फिरवणारा पंप) चालूच. नळीपासून वीतभर अंतरावर, प्रवाहाच्या वरच्या बाजूला पिपेटने सोडा. थेट पिसाऱ्यावर मारलं तर तो आत ओढून घेतो आणि खाणं वाया जातं. बाटली फ्रीजमध्ये ठेवून रोज हलवा. सडका वास आला किंवा गुठळ्या झाल्या की फेकून द्या. नायट्रेट २ ते ५ आलं तर घाबरू नका, नायट्रेट शून्य असलेलं पाणी अशा गाळून खाणाऱ्या जिवांना फार निकस पडतं.

वाळूतळ
उपासमार पटते, पण कॉपरबँडला सोडू नका. नळीतले किडे हे त्याचं आवडतं खाणं. गळलेला पिसारा पांढऱ्या ताटलीत पाण्यात पसरून बघा. टोकं अखंड असतील तर किड्याने स्वतः टाकला, कुरतडलेली असतील तर मासा. तसाही १५० लिटर त्याला अपुरंच आहे.

२९ अंशही जास्त. पिसारा हेच त्याचे कल्लेही, आणि पाणी गरम झालं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. पृष्ठभागावर पंखा लावून २ अंश तरी उतरतात. बाष्पीभवन वाढेल, तेवढं आरओचं गोडं पाणी रोज भरा, नाहीतर सॅलिनिटी चढेल. लक्ष्य २५ ते २६.

खारेपाणी_ठाणे
आभार. नळी भरीव लागतेय! पण टोकं दोन बाजूंनी कुरतडलेली आहेत.

फायटो_पुणे
मग दोन्ही कारणं आहेत. कॉपरबँडला मोठं घर मिळेपर्यंत नळीवर छिद्रांची प्लास्टिक टोपली उपडी ठेवा, छिद्रं ५ मिमीच्या आसपास, वर एक दगड. टोपलीला शेवाळ धरलं की प्रवाह अडतो, दर दोन-तीन दिवसांनी ब्रश फिरवा. फायटो आत्तापासूनच सुरू करा, नवा पिसारा उघडेल तेव्हा पाण्यात खाणं तयार हवं. आणि माशांना काही झालं तर तांब्याचं औषध या टँकमध्ये थेंबभरही नको.