आवाज चढवता येत नाही, टीम लीड जमेल का?

गोंधळलेली: परवापासून सहा जणांची टीम माझ्याकडे दिलीय, मला ओरडता येत नाही अन् जो तो सांगतो लीडर कडक लागतो, काय करू?

पाटलीणबाई: ओरडून काय होतंय! हिवरे बाजार गावात सरपंच असताना पोपटराव पवारांनी शेतीला बोअर नको, ऊस नको असले नियम गावाच्या गळी उतरवले ते ग्रामसभेत बसून, पाऊस किती पडला बघून दरवर्षी पाण्याचा हिशोब सगळ्यांपुढे मांडतात मग भांडणार कोण. २०२० ला पद्मश्री मिळाली त्यांना.

चहाबाज: आमचा जुना साहेब क्लायंटसमोर म्हणाला चूक माझीये, खरंतर ती माझी होती, नंतर केबिनमध्ये अर्धा तास फाईल उघडून दाखवली कुठे घसरलो ते. आवाज शेजारच्या टेबलापर्यंतही गेला नाही.

गोंधळलेली: हे जमेल बहुतेक. सोमवारी ग्रामसभा घेते, वडापाव मागवून :)