मेंढी एकाच बाजूला गरगर फिरतेय, ऊन लागलं असेल का? (सत्तरी)

भाटकार_सत्तरी
नमस्कार मंडळी. गोव्यात वाळपईच्या थोडं आत आमची काजूची बाग आहे, तिथे भावाने हौसेने सांगलीकडच्या जतहून माडग्याळ जातीच्या मेंढ्या आणल्या, आता कोकरांसकट बऱ्यापैकी कळप झालाय. राखणीला एक धनगरी कुत्रा आणि एक गावठी कुत्री. शिगमो संपला आणि ऊन असं काय चढलंय की दहा वाजले की मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी खुपसून उभी, चरायचं नावच नाही. कुत्रा ओल्या मातीत खड्डा उकरून पडलेला. ते समजतं एकवेळ. पण वर्षाच्या आतली एक मेंढी कळपापासून बाजूला राहते, मान डावीकडे कलती, आणि डावीकडेच गोल गोल फिरते, मध्येच भिंतीला डोकं टेकून उभी. खाणं अर्ध्यावर आलंय. शेजारचे काका म्हणतात ऊन लागलंय, गडी म्हणतो बोंडू (काजूचं फळ) खाऊन झिंगलीय. कोणाला अनुभव?

घोंगडीवाला
ऊन लागलेलं मेंढरू असं फिरत नाही दादा. ते तोंड उघडून धापा टाकतं, लाळ गळते, अंग तापतं आणि बसलं की उठत नाही. बोंडू जास्त झाले तर पोट फुगतं, रवंथ बंद होतो, हगवण लागते. तुम्ही जे सांगताय, एकाच बाजूला फिरणं, तेही कोवळ्या जनावरात, ते मला गीड वाटतंय. मेंदूत पाण्याची पिशवी धरते. आमच्या जत भागात जुनी माणसं अशी मेंढी लांबून बघूनच ओळखतात.

आणि राग मानू नका, पण हे येतं कुत्र्यातून. कुठेही बकरं-मेंढरू कापलं की मुंडकं कुत्र्याला टाकायची पद्धत सगळीकडेच आहे, त्या मेंदूत पिशवी असली की कुत्र्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो, कुत्रा चरणीवर हगतो, अंडी गवतावर, गवत मेंढीच्या पोटात, असं चक्र. लक्षणं दिसायला काही महिने जातात, त्यामुळे आत्ताच्या शिगम्याचा संबंध नाही, मागच्या दसरा-दिवाळीच्या वेळचं काहीतरी असेल.

डिचोलीची_ताई
मी जनावरांच्या दवाखान्यात काम करते. घोंगडीवाले म्हणतात ते बरोबर असू शकतं, पण लिस्टेरिया नावाच्या जिवाणूमुळेही मेंढी अशीच फिरते, आणि त्यात लवकर अँटिबायोटिक दिलं तरच वाचते, म्हणून इथे नुसतं वाचून निदान नको, आजच डॉक्टरांना दाखवा. गीड असेल तर ते कवटीवर बोटाने दाबून बघतात, कधीकधी पिशवीच्या वरचं हाड पातळ होऊन मऊ लागतं, आणि ऑपरेशन करून पिशवी काढता येते. नुसत्या इंजेक्शनने सहसा भागत नाही.

दोन्ही कुत्र्यांना प्राझिक्वांटेल (पट्टकृमीची गोळी) द्या, किलोमागे ५ मिलिग्रॅम, म्हणजे वजन करूनच. कळपासोबत राहणाऱ्या कुत्र्याला हे दर दीड-दोन महिन्यांनी लागतं, वर्षातून एकदा देऊन उपयोग नाही. गोळी दिल्यावर दोन दिवस बांधून ठेवा आणि विष्ठा खोल पुरा. मुंडकं, काळीज, फुफ्फुस कच्चं अजिबात नको. हायडॅटिड नावाच्या रोगाचा पट्टकृमीही कुत्र्यातच असतो आणि तो माणसाच्या लिव्हरमध्ये पिशव्या करतो, घरात पोरं असतील तर कुत्र्याला हात लावून तसंच जेवायला बसू देऊ नका.

रानातला
मेंढीचं वरच्यांनी सांगितलंच, मी गोचिडांचं सांगतो, कारण काजू गोळा करायला माणसं वाकतात, पाचोळ्यात बसतात, आणि हाच मोसम गोचिडीतून होणाऱ्या माकडतापाचा. २०१५ मध्ये आपल्या सत्तरीत पाळी गावात झाला तो विसरू नका. कुत्रा आणि मेंढरं रानातून गोचिडी थेट गोठ्यात आणतात. रात्री बॅटरी घेऊन कुत्र्याचे कान, बोटांच्या बेचक्या आणि काखा बघा, अगदी तिळाएवढ्या पण असतात त्या. हाताने चिरडू नका. गड्याला पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि बागेत माकड मेलेलं दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्रात कळवायचं.

दुसरं म्हणजे जांभ्या दगडाच्या सड्यावर दुपारी कुत्र्याला पाठवू नका, तळवे भाजतात. सहाला सोडायचं, साडेनऊला सावलीत, परत साडेचारनंतर.

भाटकार_सत्तरी
सगळ्यांचे आभार. डॉक्टर संध्याकाळी येतायत. गावठी कुत्री गोळी थुंकते हो, भाकरीत दिली, गुळात दिली, गूळ खाल्ला आणि गोळी बरोब्बर बाजूला काढून ठेवली.

डिचोलीची_ताई
बांगड्याच्या तुकड्यात घाला, काटे काढून. आधी एक तुकडा रिकामा द्यायचा, दुसऱ्यात गोळी, आणि तिसरा लगेच समोर धरायचा म्हणजे ती दुसरा न चावताच गिळते.

घोंगडीवाला
आणि दादा, पावसाचं आत्तापासून बघा. माडग्याळ कोरड्या मुलखातली, तुमच्याकडे ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, ओल्या जमिनीवर खुरं सडतात. गोठ्यात फटी ठेवून फळ्यांची उंच जमीन करून घ्या, आत्ता सुतार मिळतो, मेच्या शेवटाला मिळणार नाही. आंत्रविषाराची (आतड्यात विष होणाऱ्या रोगाची) लस पण पावसाआधीच.