पंखा टाकण्याआधी कपॅसिटर बघा

कुणीतरी लिहिलंय की छताचा पंखा हळू फिरायला लागला म्हणून भंगारात दिला. वाचून खरंच हळहळलो. बहुतेक वेळा मोटार ठणठणीत असते, दम गेलेला असतो तो कपॅसिटरचा, म्हणजे मोटारीला फिरायला जोर देणाऱ्या छोट्या डबीसारख्या भागाचा. साध्या पंख्याला साधारण २.५ मायक्रोफॅरडचा (हे कपॅसिटरचं माप) लागतो. जुन्यावर छापलेला आकडा बघून तोच घ्या. मेन स्विच बंद करून मोटारीवरची वाटी वर सरकवली की तो दिसतो. पाती हाताने फिरवताना घरघर आली, तर मात्र बेअरिंग गेलंय, ते वायरमनकडेच द्या. मिक्सरचंही तसंच. मोटार फिरतेय पण भांड्यातलं पातं हलत नाही, असं झालं की आधी खालचा कपलर, म्हणजे मोटार आणि पातं जोडणारी दात्यांची चकती, बघावा, दाते झिजलेले असतात. आमच्या मंडईमागचे दुरुस्तीवाले काका तो उभ्या उभ्या बदलून देतात, इस्त्रीची तुटकी वायरसुद्धा.