शब्दचर्चा: अभिक्रिया, अपघटन, विस्थापन आणि ते क्षपण

खडूफळा
दहावीला विज्ञान शिकवतो, मराठी माध्यम. रासायनिक अभिक्रियांचे प्रकार सुरू आहेत. प्रयोग पोरांना आवडतात, नावं आवडत नाहीत. संयोग, अपघटन, विस्थापन, दुहेरी विस्थापन आणि वरून ऑक्सिडीकरण-क्षपण. व्याख्या धडाधडा म्हणतात, पण मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) निळ्या द्रावणात जस्ताची पूड टाकून 'आता हे काय झालं?' विचारलं की सगळे खाली बघतात. या शब्दांची फोड करून मिळेल का? रोजच्या मराठीत त्यांचे भाऊबंद कोण? शिवाय एका मुलीने विचारलंय की 'रिॲक्शन' म्हणजे प्रतिक्रिया, मग पुस्तकात अभिक्रिया का?

शब्दपारखी
मुलीचा प्रश्न झकास आहे. प्रतिक्रिया हा शब्द न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने आधीच उचलला, उरलासुरला वर्तमानपत्रांनी. मंत्र्यांची प्रतिक्रिया, वाचकांची प्रतिक्रिया. 'प्रति'मध्ये उलट उत्तराचा भाव आहे. 'अभि' म्हणजे कडे, समोर: अभिमुख, अभ्यागत. दोन पदार्थ समोरासमोर येऊन दोघांचंही रूप बदलतं, त्याला अभिक्रिया बरा शब्द आहे.

संयोग सोपा आहे, फक्त हिंदी मालिका बघणाऱ्या पोरांना तो 'योगायोग' वाटतो. त्याला संयुगाशेजारी बसवा. दोन्ही एकाच 'युज्' धातूचे. संयोग झाला की हाती येतं ते संयुग. अपघटनात 'घटक' दडलाय. 'अप' म्हणजे दूर, जसं अपहरण. घटक दूर झाले. अपघाताशी त्याचा संबंध नाही हे मात्र पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर पोरं तोच धरून बसतात.

सेमीवाली आई
मग विघटन का नको? कचऱ्याचं विघटन सगळ्यांनाच कळतं.

शब्दपारखी
म्हणूनच नको, ताई. विघटन पालापाचोळ्याचं होतं, जिवाणू-बुरशी करतात, आणि संघराज्यांचंही होतं. विद्युत अपघटन, जलअपघटन हे शब्द रुळलेत, त्यांच्या रांगेत अपघटनच बसतं. हिंदी पुस्तकात याला वियोजन म्हणतात. तोही वाईट नाही, संयोगाच्या बरोबर उलटा पडतो. पण आपल्याकडे आता बदलायला उशीर झाला.

निवृत्त मास्तर
फोड चांगली आहे, पण माझं मत वेगळं. नाव शेवटी द्यावं. आधी पोरांना एवढंच विचारा: किती जण आत गेले, किती बाहेर आले, आणि कोण कुणाला सोडून कुणाकडे गेलं? हे सांगता आलं की नाव आपोआप चिकटतं.

मी चुन्यापासून सुरुवात करायचो. मुंबईत हार्बरच्या गाडीने जाणाऱ्या पोरांना चुनाभट्टी स्टेशन माहीत असतं, पण भट्टीत काय व्हायचं ते माहीत नसतं. चुनखडी खूप तापवली, सुमारे ९०० अंशांवर, की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. शुद्ध चुनखडी १०० ग्रॅम घ्या, ५६ ग्रॅम चुना उरतो, ४४ ग्रॅम वायू हवेत जातो. एक आत, दोन बाहेर: अपघटन. आता त्या कळीच्या चुन्यावर पाणी घाला. खडे तडकतात, फसफसतात, वाफा येतात, भांडं बाहेरून हात लावून बघवत नाही इतकं तापतं (लांबूनच दाखवा, डोळ्यात उडाला तर डोळा जायचा). दोन आत, एक बाहेर: संयोग. आणि उष्मादायी कशाला म्हणतात, हे वेगळं सांगावं लागत नाही.

मग हा भिजवलेला चुना भिंतीला लावतात. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो, म्हणजे भट्टीच्या आधी जे होतं तेच. पाणी बाहेर पडतं. इथे वर्गातलं एखादं पोरगं हमखास विचारतं, हा चारांपैकी कुठला प्रकार? दोन आत, दोन बाहेर, म्हणून त्याला दुहेरी विस्थापनात कोंबू नका. आम्लधर्मी ऑक्साइड आणि आम्लारी (इंग्रजीत बेस) भेटले, क्षार आणि पाणी झालं. तो उदासिनीकरणाचा भाऊ आहे. सगळं जग चार खणांत मावत नाही, हे पोरांना दहावीतच कळलेलं बरं.

जाता जाता: आपल्याकडे क्षार म्हणजे मीठवर्गातला पदार्थ. हिंदीत त्याला लवण म्हणतात आणि क्षार म्हणजे अल्कली. शिकवणीला हिंदी व्हिडिओ बघून येणारी पोरं इथे हमखास आपटतात.

बागाईतदार
नाशिककडचा द्राक्षवाला. शाळेत रसायनशास्त्र कधी जमलं नाही, पण तुमचं विस्थापन आम्ही दर पावसाळ्यात करतो. बोर्डो मिश्रण. एक टक्क्याचं करायचं तर एक किलो मोरचूद, एक किलो चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये भिजवायचे, लोखंडाचं भांडं चालत नाही. एकत्र केले की आकाशी रंगाचं दाट पाणी होतं. मग घासून लख्ख केलेला विळा त्यात थोडा वेळ बुडवून काढायचा. पात्यावर तांबूस थर आला तर तांबं अजून मोकळं आहे, पाना-मण्यांना चटका बसणार. तसं असेल तर चुन्याची निवळी आणखी घालायची आणि विळा पुसून परत बघायचं. पातं लख्ख राहिलं की फवारायला मोकळं. कोकणातले सुपारीवालेही असंच करतात. हे तुमच्या कुठल्या प्रकारात बसतं, सर?

खडूफळा
दादा, तुमच्या एका ड्रममध्ये माझे दोन तास निघाले! मोरचूद आणि चुना एकत्र आले की कॉपर हायड्रॉक्साइड आणि कॅल्शियम सल्फेट तयार होतं. दोन संयुगांनी जोडीदार बदलले: दुहेरी विस्थापन. ते आकाशी दाट पाणी म्हणजे कॉपर हायड्रॉक्साइडचा अवक्षेप. खाली बसला की आपण त्याला साका म्हणू. आणि चुना कमी पडून मोरचूद शिल्लक राहिलं असेल तर विळ्याचं लोखंड द्रावणातल्या तांब्याला बाहेर काढून स्वतः आत जातं: एकेरी विस्थापन. लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील, म्हणून लोखंडाचं भांडंही नको. पुढच्या आठवड्यात वर्गात विळा नेतो, नाहीतर खिळा.

हे मिश्रण फ्रान्समधल्या बोर्डोच्या द्राक्षमळ्यांतलं, म्हणून नाव बोर्डो. मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये त्याबद्दल लिहिलं.

सेमीवाली आई
माझा मुलगा नववीत, विज्ञान इंग्रजीतून. त्याचं म्हणणं, विस्थापन तर भौतिकशास्त्रात आहे, 'अंतर आणि विस्थापन'. तेच इथे कसं?

शब्दपारखी
इंग्रजीतही दोन्हीकडे डिस्प्लेसमेंटच आहे, म्हणून दोष मराठीचा नाही. गतीच्या धड्यात एकच वस्तू जागा बदलते. इथे एकाची जागा दुसरा घेतो. धरणग्रस्त गावातल्या पोरांना 'विस्थापित' वेगळा शिकवावा लागत नाही. कोयनेच्या बाजूच्या शाळेत हा शब्द जपून वापरा एवढंच म्हणेन, वर्गात कुणाच्या घरची गोष्ट निघेल सांगता येत नाही.

खडूफळा
आता क्षपणाचं काय करू? हा एक शब्द कुठेच चिकटत नाही.

शब्दपारखी
क्षय, क्षीण यांच्या घरातला आहे. संस्कृतात क्षपण म्हणजे कमी करणं, झिजवणं, उपासही. उपासतापास करणारा साधू तो क्षपणक. ऑक्सिजन मिळवला म्हणजे ऑक्सिडीकरण, गमावला म्हणजे क्षपण, इथपर्यंत शब्द साथ देतो. काळ्या तापल्या कॉपर ऑक्साइडवरून हायड्रोजन सोडला की लालसर तांबं उरतं, ऑक्सिजन झिजला.

निवृत्त मास्तर
पुढे मुलं अडतात ती इलेक्ट्रॉनशी. क्षपण म्हणजे इलेक्ट्रॉन मिळवणं, आणि नाव तर गमावण्याचं! तिथे इलेक्ट्रॉन मोजायला लावू नका, भार बघायला लावा. द्रावणातला कॉपर आयन +२ होता, जस्ताकडून दोन इलेक्ट्रॉन घेऊन ० झाला. धनभार क्षीण झाला. शब्द पुन्हा बरोबर बसला.

खरा खड्डा दुसरा आहे. क्षपण आणि क्षरण. दिसायला जुळे. क्षरण म्हणजे गंजणं, लोखंडाचं ऑक्सिडीकरण, म्हणजे अगदी उलट. पेपर तपासताना या दोघांची अदलाबदल मी कायम बघितली. मी तर क्षरणाला वर्गात गंजच म्हणायचो. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात आमटी कळकते, ते 'कळकणं' पोरांच्या आज्यांना ठाऊक असतं. त्यांना विचारून या म्हणायचं.

आणि मॅग्नेशियमची फीत जाळली की हात वर होतोच: सर, संयोग लिहू की ऑक्सिडीकरण? दोन्ही. संयोग-अपघटन-विस्थापन ही मांडणीवरून केलेली वाटणी, कोण कुणाशी जोडलं गेलं ती. ऑक्सिडीकरण-क्षपण ही देवघेवीची. एकाच माणसाला आपण नाशिककर म्हणतो आणि शिक्षकही, तसं. फळ्यावर हे दोन रकाने वेगळे काढा. चारांच्या यादीखाली पाचवं म्हणून ऑक्सिडीकरण लिहिलं की घोळ सुरू.

सेमीवाली आई
शेवटचं विचारते. लिंबू आणि खायचा सोडा? घरी तोच प्रयोग करायला सांगितलाय.

खडूफळा
दोन टप्पे आहेत, ताई. आधी लिंबातलं सायट्रिक आम्ल आणि सोडा जोडीदार बदलतात, सोडियम सायट्रेट आणि कार्बोनिक आम्ल होतं: दुहेरी विस्थापन. कार्बोनिक आम्ल लगेच मोडतं, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड: अपघटन. फेस दिसतो तो दुसऱ्या टप्प्याचा. वहीत दोन्ही लिहायला सांगा. वेळ असेल तर इनोची पुडीही दाखवा. तिच्यात आम्ल आणि सोडा कोरडेच शेजारी शेजारी असतात, पाणी पडल्याशिवाय त्यांचं काही सुरू होत नाही. का होत नाही, ते त्याला शोधू दे.