ईएसआय दर महिन्याला कापतात, पण दवाखान्यात पात्रता दिसत नाही (कुपवाड एमआयडीसी)

प्रश्न :
कुपवाड एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत कंत्राटदाराकडचे कामगार आहेत. पगार 14,800, पे-स्लिपवर 111 रुपये ईएसआय (कामगार राज्य विम्याची वर्गणी) कापलेला. तरी दवाखान्यातून परत पाठवतात. कंपनी म्हणते कंत्राटदाराला विचारा, कंत्राटदार म्हणतो चलन भरलंय. यावर देखरेख कुणाची? तक्रार कुठं करायची?

उत्तर 1 :
111 बरोबर आहेत, पगाराच्या 0.75 टक्के. मालकाचे 3.25 टक्के म्हणजे 481. मिळून 592 रुपये पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचे असतात.

तोंडी ‘भरलंय’ वर विसंबू नका. कामगाराच्या दहा अंकी विमा क्रमांकाने ईएसआयच्या पोर्टलवर जा आणि महिनावार दिवस आणि पगार बघा. चलन भरलेलं असूनही त्यात या माणसाचे दिवस शून्य असू शकतात. दुसरी गडबड म्हणजे कंत्राटदार बदलला की जुना नंबर न विचारता नवाच काढतात. मग दिवस दोन नंबरांत विभागतात आणि लागणारे किमान 78 दिवस कुठंच भरत नाहीत. ईएसआयच्या शाखा कार्यालयात अर्ज देऊन दोन्ही नंबर एकत्र करून घ्या.

हे 78 दिवस आजारपणाच्या भत्त्यासाठी लागतात (पगाराच्या 70 टक्के, वर्षात 91 दिवसांपर्यंत). एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा हक्क ठरतो. म्हणून फेब्रुवारीत आजारी पडलेल्या माणसाची जानेवारीची स्लिप दाखवून उपयोग नाही, एप्रिल ते सप्टेंबरच्या काढा.

उत्तर 2 :
देखरेख दोन ठिकाणी आहे, इथंच लोक हेलपाटे घालतात. दवाखाना, डॉक्टर, औषधं हे राज्याच्या कामगार विमा सोसायटीकडं. वर्गणी, पात्रता, रोख भत्ते ईएसआय महामंडळाकडं. तुमची तक्रार महामंडळाची, म्हणजे शाखा कार्यालयात.

अर्जात कंत्राटदाराबरोबर कंपनीचंही नाव घालाच. कंत्राटी कामगारांची वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी कायद्याने मूळ मालकावर, म्हणजे इथं कंपनीवर आहे. ती रक्कम त्याने नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावी. सोबत पे-स्लिप, हजेरीची नक्कल, पगार जमा झाल्याचं पासबुकाचं पान जोडा. सामाजिक सुरक्षा अधिकाऱ्याने हजेरीपट आणि पगारपत्रक तपासावं, अशी स्पष्ट मागणी लिहा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

मालकाने वर्गणी थकवली म्हणून कामगाराचा हक्क बुडालाच असं नाही. महामंडळ लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकतं. थकबाकीवर वर्षाला 12 टक्के व्याजही लागतं.

उत्तर 3 :
एक राहिलं. पगारवाढीने ईएसआयची 21,000 ची पगारमर्यादा ओलांडली की काही ठिकाणी लगेच कपात थांबवतात. ते चूक आहे. चालू वर्गणी काळ संपेपर्यंत, म्हणजे 30 सप्टेंबर किंवा 31 मार्चपर्यंत, पूर्ण पगारावर वर्गणी चालू राहते. त्या पे-स्लिपही अर्जाला लावा.